चौदा वायरींचा एकुलता एक बोल्ट

मी एक जुना पितळी बोल्ट आहे. सध्या माझा मुक्काम बटणांच्या डब्यात आहे आणि मी दोन तुकड्यांत आहे. डोके वेगळे, धड वेगळे. हे वाचून हळहळू नका, मित्रांनो. ज्या दिवशी मी मोडलो तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस होता, आणि तो कसा ते सांगायलाच मी बसलो आहे. बसलो म्हणजे अर्थातच पडलो आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लेथ यंत्रावर झाला. त्याच सकाळी माझी तीनशे भावंडेही जन्मली, त्यामुळे कोडकौतुक काही झाले नाही. एक लांब पितळी सळई होती, ती आम्हांला जन्म देता देता संपली. आम्हांला तेलात बुडवून, कागदी पुड्यांत बांधून बाहेर पाठवले. माझ्या पुडीतले बरेच जण पंख्यांत गेले आणि आयुष्यभर गरगरत राहिले. माझे नशीब उंच होते. मी सात मजली इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत, लिफ्टच्या विजेच्या पेटीत बसलो.

माझे काम काय होते ते नीट ऐका, पुढे लागणार आहे. वीज कामाला जाते तशी तिला परतही यावे लागते. परतीची वाट नसेल तर ती जाण्याचेच नाव काढत नाही. त्या पेटीतल्या सगळ्या काळ्या वायरी परतीच्या होत्या आणि त्या सगळ्या माझ्या गळ्यात अडकवलेल्या होत्या. मी सैल झालो असतो तर पेटीतले सगळे एकदम बंद पडले असते, लिफ्टचे ब्रेक आपोआप आवळले असते आणि लिफ्ट असेल तिथे थांबली असती. आतल्या माणसांनी घंटा वाजवली असती, थोडी आरडाओरड केली असती, आणि तासाभरात घरी जाऊन सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगितले असते. लिफ्टमध्ये हेच शहाणपणाचे असते. एक जण गेला की सगळ्यांनी थांबायचे.

पण मी कधी सैल झालो नाही. दर महिन्याला लिफ्टचे मेकॅनिक यायचे. हडकुळा माणूस, खिशात चार लोखंडी पाने, कानामागे पेन्सिल. पेटी उघडून ते माझ्या डोक्यावर बोट टेकवायचे आणि बरोबर कुणी असले तर सांगायचे, “हा बघा. वीस वर्षांत जागचा हललेला नाही. माणसं अशी मिळत नाहीत.” हे ऐकून ऐकून मी किती फुगलो असेन याची कल्पना करा. पितळ फुगत नाही असे म्हणतात, पण कौतुकाने काहीही फुगते.

मग इमारतीला नवी लिफ्ट आली, जुनी भंगारात गेली आणि मेकॅनिक निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी मला पान्याने सोडवले, रुमालात गुंडाळले आणि खिशात टाकले. लोकांना निवृत्तीच्या वेळी घड्याळ मिळते. त्यांनी मला घेतले.

त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड होती आणि त्या शेडमध्ये एक विमान होते. खरे विमान, दोन माणसांचे, अर्धे झालेले. मेकॅनिक आराखडे बघून स्वतःच्या हातांनी ते बांधत होते. सहा वर्षे झाली होती. शेजारी विचारायचे, कधी उडणार? ते म्हणायचे, घाई कशाला? खरे तर घाई त्यांनाच सर्वांत जास्त होती, पण अडचण वेगळी होती. अडचण म्हणजे त्यांची बायको.

बाई शिवणकाम करायच्या. नाटकाच्या मंडळींचे पोशाख, पडदे, उशांचे अभ्रे. या विमानाचे पंख लाकडी सांगाड्याचे होते आणि त्यावरचे कापड बाईंनी शिवले होते, हातभर लांब सुईने. प्रत्येक टाक्याला त्यांनी स्वतंत्र गाठ मारली होती. बोटे दुखून आली होती, पण एक सलग दोरा त्यांनी धावू दिला नाही. त्या म्हणायच्या, राजाचा झगा भर नाटकात उसवला तेव्हापासून एकाच दोऱ्यावर त्यांचा विश्वास उरलेला नाही. एक टाका तुटला तर शेजारच्याने धरून ठेवले पाहिजे.

विमानात दोन खुर्च्या होत्या. उजवी खुर्ची मेकॅनिकनी बायकोच्याच टेपने बायकोचे माप घेऊन बनवली होती. त्यांना दुसरे काही नको होते. तिने शेजारी बसावे आणि आपण दोघांनी एकदा वरून आपले घर बघावे, एवढेच. बाई नाही म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी एक अट घातली होती.

“अहो, ज्या दिवशी मला एकही प्रश्न उरणार नाही ना, त्या दिवशी बसेन,” असे त्या म्हणाल्या होत्या. आणि बाईंना प्रश्न फार पडायचे.

म्हणून मेकॅनिकनी एक वही केली. वहीवर नाव होते ‘गेलं तर?’. डाव्या बाजूला भागाचे नाव आणि उजव्या बाजूला तो भाग बिघडला तर काय, ते. या विमानाच्या इंजिनाला पेट्रोल ढकलणारा पंप विजेचा होता आणि ठिणगी देणारी पेटीही विजेचीच. वीज गेली की इंजिन गेले, आणि इंजिन गेले की विमान म्हणजे पंख लावलेले कपाट. म्हणून त्यांनी सगळे दोन-दोन घेतले. पहिली बॅटरी गेली तर? दुसरी. पहिला पंप गेला तर? दुसरा. पहिली ठिणगीपेटी गेली तर? दुसरी. स्विच, फ्यूज, सगळ्यांच्या जोड्या. वही वाचताना लग्नाच्या पंगतीची यादी वाचतो आहोत असे वाटायचे.

आणि मग वायरी जोडायची वेळ आली. काळ्या, परतीच्या वायरी कुठे आणायच्या? मेकॅनिकनी क्षणभरही विचार केला नाही. कपाटातून रुमाल काढला, रुमालातून मला काढले, आणि इंजिन व खुर्च्यांच्या मधल्या पत्र्यावर, पायांच्या वरच्या अंगाला, मला बसवले. एकेक करून चौदा वायरी माझ्या गळ्यात घातल्या. मग बोट टेकवून म्हणाले, “आता काळजी नाही.”

मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मला गर्व झाला. विमानात सगळ्यांच्या जोड्या, मी मात्र एकटा. दोन्ही पंप माझ्या गळ्यात, दोन्ही पेट्या माझ्या गळ्यात, दोन्ही बॅटऱ्या माझ्या गळ्यात. पहिला पंप दुसऱ्याला सारखा टोमणे मारायचा की तू काय, राखीव आहेस. मी दोघांकडेही बघायचो आणि मनात म्हणायचो, भांडा पोरांनो, परत यायचे आहे माझ्याकडेच.

एकच गोष्ट मला पहिल्या दिवसापासून टोचत होती, तीही अक्षरशः. तो पत्रा मेकॅनिकनी हौसेने निळा रंगवला होता. रंगाचे दोन जाड हात दिले होते. मी त्या रंगावर बसलो होतो, पत्र्यावर नाही. इंजिन सुरू झाले की सगळे थरथरायचे, माझ्याखालचा रंग थोडा थोडा दबत जायचा आणि माझी पकड केसाकेसाने सैल व्हायची. वायरींची तोंडे एकमेकांवर नीट टेकेनाशी झाली. वीज आली की मला चटके बसू लागले.

याचे पहिले लक्षण फार गमतीचे होते. मेकॅनिकनी विमानाचा पुढचा मोठा दिवा लावला की पेट्रोलचा काटा वर चढायचा. दिवा बंद, काटा खाली. दिवा चालू, काटा वर. परतीच्या वाटेवर गर्दी झाली की काटा असा खोटे बोलू लागतो. मला हे माहीत होते. त्यांना नव्हते.

“काटा खराब आहे,” मेकॅनिक म्हणाले.

“दिवा लावला की पेट्रोल वाढतं?” बाई म्हणाल्या. “मग रोज लावत जा. टाकी भरायची कटकट नको.”

“थट्टा नको गं. काटा बदलतो.”

त्यांनी काटा बदलला. नवा काटाही चढला. त्यांनी टाकीतला तरंगता गोळा बदलला. काटा चढला. त्यांनी दिवाच बदलला. काटा आणखी चढला, कारण नवा दिवा जास्त वीज खात होता. तिसरा काटा आणला तेव्हा बाईंनी शिवणयंत्रावरून मान वर न करता विचारले, “तीन तीन काटे खोटं बोलतायत, की कुणी चौथाच बोलतोय?” मेकॅनिकनी ऐकले, पण मनावर घेतले नाही. माझ्याकडे तर त्यांनी बघितलेही नाही. ज्याचे वीस वर्षे कौतुक केले त्याच्यावर संशय कोण घेणार?

तुम्ही म्हणाल, तू का नाही बोललास? बोल्टला तोंड नसते, ही माझी सबब तयार आहे. पण मित्रांनो, इथे मन मोकळे करतो. तोंड असते तरी मी बोललो नसतो. बोललो असतो तर मला काढले असते. मी चटके सोसले, गप्प बसलो आणि त्याला निष्ठा असे नाव दिले. आज त्याची लाज वाटते.

शेवटी तपासणीचा दिवस ठरला. शुक्रवारी तपासनीस येणार, त्यांनी कागदावर सही केली की रविवारी उड्डाण. बाईंनी निळा झगा इस्त्री करून ठेवला होता, म्हणजे त्यांचेही जवळजवळ ठरले होते.

तपासनीस गोलमटोल होते आणि कमी बोलायचे. त्यांनी विमान मोकळ्या मैदानात आणायला लावले, चाकांखाली लाकडी पाचरी ठोकल्या, शेपूट लोखंडी खांबाला बांधले. मेकॅनिक डाव्या खुर्चीत बसले. फ्यूज काढायला बारीक बोटे हवीत म्हणून बाई उजव्या खुर्चीत. दोघांच्या कानांवर हेडफोन. इंजिन सुरू झाले. तपासनीस खिडकीशी उभे राहून, विमानाच्या नाकावरचा फिरता पंखा चुकवून, वहीतले एकेक नाव ओरडायचे आणि बाई तो फ्यूज उपसायच्या.

पहिला पंप गेला. इंजिन चालू. पहिली पेटी गेली. इंजिन किंचित खोकले आणि चालू. पहिली बॅटरी तोडली. चालू. मेकॅनिकचा चेहरा निकाल लागलेल्या पहिल्या नंबराच्या मुलासारखा झाला होता. वहीची पाने संपली. तपासनिसांनी पेन काढले.

“अजून काही?” त्यांनी ओरडून विचारले.

“काही नाही,” मेकॅनिक ओरडले.

तेवढ्यात बाईंच्या कमरेच्या पिशवीतून शिंप्याचा खडू खाली पडला. त्या वाकल्या. खडू माझ्या बरोबर खाली होता. त्यांनी हवेत हुंगले आणि वर पाहिले. इतक्या जवळून मला कुणी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

“अहो, हा कोण?”

“कोण?”

“हा. गरम झालाय. वास येतोय.”

“बोल्ट आहे तो. अर्थिंगचा.”

“वहीत नाही.”

“अगं, तो भाग नाही. नुसता बोल्ट आहे.”

बाईंनी खडू उचलला आणि एकेका काळ्या वायरीवर रेघ मारत मोजल्या. “चौदा आहेत. यात दोन्ही पंपांच्या आल्या?”

“आल्या.”

“दोन्ही पेट्यांच्या?”

मेकॅनिकनी वाकून माझ्याकडे पाहिले. “आल्या.”

“मग याचा दुसरा कुठे आहे?”

बाईंनी दोन बोटांनी माझे डोके धरले. पान्याने नव्हे, पिळून नव्हे, नुसते धरले, जसे आपण सैल बटण बघतो. मी फिरलो. मला फिरायचे नव्हते, पण मी फिरलो.

इंजिन थांबले.

खोकून नाही, दमून नाही. जसे कुणी मध्येच वाक्य सोडावे तसे. दोन्ही पंप गप्प, दोन्ही पेट्या गप्प. दोन बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या आणि दोन्ही निरुपयोगी. टाकीत पेट्रोल होते, पण ते सांगणारा काटाही पडला होता. पंखा दोनदा डुलला आणि उभा राहिला. बाईंनी भाजलेली बोटे तोंडात घातली.

तपासनिसांनी पेनाला टोपण लावले. “आत्ता आपण किती उंचीवर होतो?” त्यांनी शांतपणे विचारले.

“जमिनीवर,” मेकॅनिक म्हणाले.

“छान. सध्या इथंच राहू,” असे म्हणून ते चहा प्यायला गेले.

मेकॅनिक शेडमध्ये स्टुलावर बसून राहिले. बराच वेळ ते वहीची पाने मागे-पुढे करत होते, जणू मी चुकून कुठे लिहिलेला सापडेन. मग म्हणाले, “लिफ्टमध्ये असंच करतात गं. एक गेला की सगळं थांबतं. थांबलं की माणूस वाचतो.”

“लिफ्ट थांबली की दोराला लोंबकळत राहते,” बाई म्हणाल्या. “हे कशाला धरून लोंबकळणार?”

मेकॅनिकचे डोळे भरून आले होते. “रविवारी मी तुला यात बसवणार होतो,” ते म्हणाले.

“बसवलंतच की. आता उतरवू नका, नीट करा. आणि बोटाला लावायला काहीतरी द्या.”

पुढचे चार महिने ते नीट करण्यात गेले. बाई शेजारी स्टूल घेऊन बसायच्या आणि काम त्यांच्या शिवणीच्या हिशेबाने चालायचे. प्रत्येक टाक्याला स्वतःची गाठ. परतीच्या वायरींसाठी धातूच्या दोन वेगळ्या पट्ट्या झाल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, प्रत्येक जोडीतल्या पहिल्याची वायर एकीवर आणि दुसऱ्याची दुसरीवर. पट्ट्यांखालचा निळा रंग पार खरवडला. पोलादी बोल्ट आले, त्यांच्याखाली दातेरी वॉशर आले. प्रत्येक वायर ओढून पाहिली, पत्र्याला घासणारी जागा गुंडाळली. नट आवळून झाला की बाई त्याच्यावरून पत्र्यापर्यंत लाल रंगाची एक बारीक रेघ ओढायच्या. नट फिरला की रेघ तुटलेली दिसणार, हात लावायलाही नको. वहीत आता नट, बोल्ट, क्लिपा, सगळे आले. एका वहीच्या तीन झाल्या. पेट्रोलचा काटा दिवा लावला तरी जागचा हलेना, तेव्हा मेकॅनिकनी पहिले दोन काटेही तपासले. ते बिचारे अगदी निरोगी निघाले.

आणि मी? मला फेकून द्यायला हवे होते. तपासनीसही तसेच म्हणाले. पण मेकॅनिकच्या हातून ते होईना. त्यांनी मला एका कोपऱ्यात, खरवडलेल्या पत्र्यावर बसवले आणि रागाने की मायेने कोण जाणे, लांब पान्याने असे आवळले की माझ्या गळ्याला बारीक चीर गेली. एकच वायर दिली, नकाशा वाचायच्या छोट्या दिव्याची. वहीत लिहिले, ‘जुना बोल्ट. गेला तर? नकाशावरचा दिवा बंद. खिडकीतून उजेड घ्यावा.’

चौदा वायरींवरून एका वायरीवर आलो. माझी जागा घेतलेले पोलादी जुळे माझ्याशी बोलतही नसत. मी फार दिवस तोंड पाडून बसलो होतो.

यावेळी तपासनिसांनी सगळे उपसले, सगळे हलवले, आणि सही केली. आधी मेकॅनिक एकटेच बरेचदा उडाले, कारण तसाच नियम होता. मग एका दुपारी बाई निळा झगा घालून आल्या. त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली, आत वाकून लाल रेघा बघितल्या आणि उजव्या खुर्चीत बसल्या. “काही विचारायचंय?” मेकॅनिकनी विचारले. बाईंनी थोडा विचार केला. “नाही. चला,” त्या म्हणाल्या. मेकॅनिकनी चष्मा काढून दोनदा पुसला, मगच निघाले.

त्या दिवशी नाही, त्यानंतरच्या पाचव्या की सहाव्या फेरीला ते झाले. तोवर मैदानाभोवतीच चकरा झाल्या होत्या; आज पहिल्यांदाच आम्ही घराच्या दिशेने, नदीवरून चाललो होतो. खाली घरे बटणांएवढी दिसत होती. माझ्या गळ्यातली चीर वाढत वाढत आरपार गेली आणि कट् असा बारीक आवाज झाला. डोके एकीकडे, धड दुसरीकडे. मी मोडलो.

मला एकच आठवले, ते मैदान आणि मध्येच थांबलेले इंजिन. आता थांबेल, मी म्हटले. मी वाट बघितली. इंजिन चालूच होते. पंप टोमणे मारत होते. मेकॅनिक गाणे गुणगुणत होते आणि बाई खिडकीला नाक लावून खाली बघत होत्या.

“आपलं घर ते का?” त्यांनी विचारले.

“ते शेजाऱ्यांचं. त्याच्या पलीकडचं.”

“किती लहान आहे. आणि अहो, सूर चुकतोय.”

कुणाला काही कळले नाही. तीन आठवडे कळले नाही. खरे सांगतो, आधी मला राग आला. वीस वर्षे न हललेला मी मोडतो आणि कुणी मान वळवून बघतही नाही? मग हळूहळू लक्षात आले की त्या खुर्चीत बाई होत्या, वर आभाळ होते, खाली नदी होती, आणि मी मोडलो तरी त्या दोघांना घर बघता आले. मला रडू आले असते, पण पितळ रडत नाही.

तीन आठवड्यांनी बाईंची सुई खुर्चीखाली पडली. त्यांनी नकाशाच्या छोट्या दिव्याचे बटण दाबले, तो लागला नाही, आणि मी सापडलो. मेकॅनिकनी वही उघडली, माझ्या नावापुढे लिहिले, ‘गेला. काही झालं नाही.’ बाईंनी ते वाचले, दोन्ही तुकडे उचलून पदरात घेतले आणि या डब्यात ठेवले.

मित्रांनो, माझे एवढेच ऐका. तुमच्या घरात, दप्तरात, सायकलीत माझ्यासारखा एखादा असेल, ज्याचे नाव कुठल्याही वहीत नाही आणि ज्याच्यावर सगळे टांगलेले आहे. तो कधी हलला नाही म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. अधूनमधून दोन बोटांनी धरून बघा. आणि त्याला एक जोडीदार द्या. तो रुसेल, पण द्या.

आता रविवारी दुपारी घरावरून इंजिनाचा आवाज जातो. डबा थरथरतो, बटणे खुळखुळतात. मी गप्प राहून ऐकतो, नदीकडे जाईपर्यंत. तो मध्येच थांबत नाही.